संस्थानिकांच्या वाड्यातली फोटोफ्रेम : खरी की बनाव? (सांगली)

कृष्णाकाठचा

मंडळी, जुन्या वस्तूंतले जाणकार असतील त्यांनी जरा इकडे लक्ष द्या.

आमच्या धाकट्या काकांना जुन्या वस्तूंचा नाद. घड्याळं, अडकित्ते, कंदील, काय वाट्टेल ते घरात यायचं. ऐंशीच्या दशकात त्यांनी एका फिरत्या सामानवाल्याकडून चांदीची फोटोफ्रेम घेतली. "दक्षिणेतल्या एका संस्थानिकांच्या वाड्यातून निघालीय, खुद्द व्हिक्टोरिया राणीनं भेट दिलेली," असं त्यानं सांगितलं, आणि काकांनी ते पुढं आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं. काका आता नाहीत. काकू गावभागातलं घर सोडून विश्रामबागेत लेकीकडं राहायला गेल्या, तेव्हा फ्रेम माझ्या हवाली केली.

फ्रेम वीतभर उंच, वर चार बोटं. समोर चांदीचा पत्रा, त्यावर उठावाची वेलबुट्टी. आतल्या कडेनं निळ्या मिन्याची पट्टी, तिच्या आत फोटोला लागून पिवळट पांढरी बारीक पट्टी, हस्तिदंताची असावी. पाठीला मखमल, मूळची जांभळी असणार, आता तपकिरी. मागं लाकडी टेकू, पितळी बिजागरीचा. वर मधोमध मुकुट. खालच्या कोपऱ्यात बारीक शिक्के आहेत, भिंग लावलं की दिसतात: नांगर (जहाजाचा), चालता सिंह, एक अक्षर, आणि बनवणाऱ्याची असावीत अशी दोन अक्षरं.

आत राजेशाही पोशाखातला तरुण. फेट्यावर तुरा, गळ्यात मोत्यांच्या माळा, एक हात तलवारीच्या मुठीवर. नाव कुठंच नाही. २०१९ च्या पुरात फ्रेम पाण्यात गेली नाही, माळ्यावर होती, पण ओल्या घरात बरेच दिवस तशीच राहिली. फोटोचा डावा खालचा कोपरा काचेला चिकटलाय.

आता एक गिऱ्हाईक मागं लागलंय. त्याची अट विचित्र आहे: "फोटो तुम्ही ठेवा, मला नुसती फ्रेम द्या." म्हणून विचारतोय. हे कोणत्या संस्थानचे राजे असतील? फ्रेम उघडू का? चांदी काळी पडलीय, घासू का? आणि द्यावी का?

उंटावरचा_शहाणा

फोटोफ्रेमचा धागा आणि फोटोच नाही! टाका की राव. तोवर पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कृष्णाकाठचा

टाकले. पुढून, मागून आणि शिक्क्यांचा जवळून.

थेम्सकाठचा_सातारकर

शिक्के छान आलेत. नांगर म्हणजे बर्मिंगहॅमचं तपासणी कार्यालय. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. अक्षर वर्षाचं असतं, पण नुसत्या अक्षरावरून वर्ष सांगता येत नाही. प्रत्येक शहराचा तक्ता वेगळा, आणि तेच अक्षर काही वर्षांनी दुसऱ्या वळणात, दुसऱ्या आकाराच्या चौकटीत पुन्हा येतं. कोनातून काढलेल्या फोटोत चौकटीचा आकार नीट कळत नाही, तेव्हा एक सरळ समोरून काढा.

त्याआधी एक गोष्ट मात्र लगेच सांगता येते. १७८४ पासून १८९० पर्यंत इंग्लंडात चांदीवर कर होता आणि कर भरल्याची खूण म्हणून राजाचं किंवा राणीचं मुंडकं उमटवत. तुमच्या फ्रेमवर ते नाही. म्हणजे फ्रेम १८९० नंतरची. राणी वारली जानेवारी १९०१ मध्ये. सामानवाल्याच्या गोष्टीला बसायला फार तर दहा-अकरा वर्षांची जागा उरते.

बाळू_मिरजकर

अहो, पण मिना बघा! निळ्याखाली लाटांसारख्या रेषा दिसतायत. हे तर फाबर्जे! रशियाच्या झारचा सोनार! कृष्णाकाठचे भाऊ, तुम्ही करोडपती झालात, पार्टी कधी?

थेम्सकाठचा_सातारकर

बाळूशेठ, दमानं घ्या. :)

धातूवर यंत्रानं लाटा कोरायच्या आणि त्यावर पारदर्शक मिन्याचे थर भट्टीत चढवायचे, ही रीत फाबर्जेनं शिखराला नेली हे खरं. पण ती काही त्याच्या एकट्याची नव्हती, बर्मिंगहॅमचे कारखानेही हे काम करत. रशियन चांदीवर सिंह आणि नांगर कशाला येतील? तिकडचं माप झोलोत्निकचं. ९६ म्हणजे शुद्ध, त्यामुळे चांदीवर ८४, ८८, ९१ असे आकडे दिसतात. सोबत घडवणाऱ्या उस्तादाची अक्षरं असतात. पेर्खिन, विगस्ट्रॉम, आर्ने, आर्मफेल्ट अशी या उस्तादांची नावं. आणि जगात नकली फाबर्जे इतकं आहे की नुसते शिक्के बघून तिथलेही जाणकार हुरळून जात नाहीत.

अवांतर, पण सांगतो. २०२१-२२ मध्ये इथं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात फाबर्जेचं मोठं प्रदर्शन होतं. रशियाबाहेरची त्याची एकमेव शाखा लंडनला, १९०३ ची. इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा आणि रशियाची राजमाता मारिया फ्योदोरोव्हना या सख्ख्या बहिणी. एकमेकींना वाढदिवसाला, नाताळाला या चिमुकल्या फ्रेमा द्यायच्या, आत घरातल्याच कुणाचा तरी फोटो. ब्रिटिश राजसंग्रहातल्या अशा फ्रेमांना भाव मिन्यामुळे आहे तेवढाच नोंदींमुळे आहे: कुणी, कुणाला, कोणत्या साली. आपल्याकडं नेमकी ती वही गायब असते आणि तोंडी गोष्ट उरते.

विट्याचा_गलाईवाला

रामराम. आमचा पिढीजात धंदा गलाईचा. आजोबा मद्रासकडं गेले, आम्ही अजून तिकडंच, दिवाळीला आणि यात्रेला तेवढं गावाकडं. जुनी इंग्रजी चांदी मोडीत यायची ती हातानं आटवलीय, म्हणून चार शब्द.

पैली गोष्ट, हातात जड लागतंय ते लाकूड, चांदी न्हवं. या फ्रेमांचा पत्रा नखानं दबतो. मोडीला आली की आधी फोटो उपसून टाकायचा, मग मखमल सोलायची, खिळे काढायचे, लाकूड चुलीत, आणि शेवटी राहिलेला पत्रा मुठीत चुरगळून मुशीत. वजन काट्यावर टाकल्यावर विकणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. तवा वजनावर विकायची आसंल तर इचारच सोडा.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. मागून काढलेला फोटो मोठा करून बघा. मुकुट पट्टीच्या वर येतो ना, त्याच्या पाठीला करड्या रंगाचा ओघळ हाय. ती कथलाची झाळ, म्हंजे धातू वितळवून केलेला जोड. चांदीकाम करणारा कारागीर चांदीचीच झाळ मारतो, ती कडक असते आणि चांदीसारखीच दिसते. कथील-शिशाची झाळ मारणारा माणूस वेगळा, काळ बी वेगळा. मुकुटाच्या बुडाला एका रिकाम्या ढालीची कड बाहेर डोकावतीया. आमच्याकडं यायच्या त्या फ्रेमांना तिथं मालकाची अक्षरं कोरायला जागा सोडलेली असायची. मुकुट मागनं बसवलाय. खात्रीनं सांगतो.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे मुकुटच खोटा! धाग्याने वेग घेतला.

थेम्सकाठचा_सातारकर

गलाईवाले दादा, दंडवत. दहा वेळा तो फोटो पाहिला, ओघळ दिसला नाही.

आता गिऱ्हाइकाची अट बघा. राजेराण्या स्वतःची सही केलेले फोटो मुकुटाच्या फ्रेमेत घालून भेट द्यायचे, ही खरी पद्धत होती. १९११ च्या दिल्ली दरबाराला देशभरातले संस्थानिक गेले, पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी स्वतः आले होते. त्या काळातला सहीचा फोटो मूळ फ्रेमेसकट निघाला तर लिलावात चांगला भाव येतो. सहीचा सुटा फोटो एकीकडून आणायचा, मुकुटाची रिकामी फ्रेम दुसरीकडून, आणि दोघांचं लग्न लावायचं, हा उद्योग जुना आहे. तुमच्या गिऱ्हाइकाच्या मनात काय आहे ते मी कसं सांगू, पण फोटो नको असलेला 'राजघराण्यातल्या फ्रेमे'चा शौकीन माझ्या तरी पाहण्यात नाही.

कुंडलचा_पाव्हणा

मला एक कळत नाही. ज्या मातीत नाना पाटलांनी प्रतिसरकार चालवलं तिथं २०-२५ प्रतिसाद राजेरजवाड्यांच्या फ्रेमेवर? खरा मुकुट असता तरी काय मोठं? दुष्काळात सारा वसूल करून घेतलेली चांदी ती.

अजिंक्यतारा

पाव्हणं, तुमचं कुंडल औंध संस्थानातच होतं हो. त्याच औंधच्या राजांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार लोकांच्या हाती दिला, आणि त्याच्या आदल्या साली यमाईच्या डोंगरावर स्वतः जमवलेल्या चित्रांचं संग्रहालय उभं केलं. आजही जाऊन बघता येतं, रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं छोटं शिल्प आहे. सगळे राजे एका मापानं मोजू नका एवढंच. बाकी तुमचा राग रास्त.

मूळ विषयाकडं येतो. 'वाड्यातून निघाली' या वाक्याला पुरावा नाही, पण ते अगदीच हवेतलंही नाही. ८ मार्च १९४८ ला सांगली, मिरज, औंध, फलटण, जत ही दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. १९७१ मध्ये तनखे बंद झाले. त्या पंचवीसेक वर्षांत वाड्यावाड्यांतून हंड्या, आरसे, गालिचे, फोटो बाहेर पडले, काही रीतसर आणि काही मागच्या दारानं. त्यामुळे प्रत्येक जुन्या-सामानवाल्याकडं 'वाड्यातली' वस्तू असते. खऱ्या दहा असतील तर त्यांच्या आडोशानं शंभर खपतात.

आमच्या साताऱ्यात तर कहर. मला एकानं 'प्रतापसिंह महाराजांचा अस्सल फोटो' दाखवला, कागदावरचा, पिवळसर. मी त्याला सनावळ्या सांगितल्या. पॅरिसमध्ये डागेरची फोटो काढायची पद्धत जगापुढं आली ऑगस्ट १८३९ मध्ये. इंग्रजांनी महाराजांना गादीवरून काढलं सप्टेंबर १८३९ मध्ये. काशीला त्यांचं निधन झालं १८४७ साली. त्यांच्यामागून आलेले शहाजीराजे, म्हणजे आप्पासाहेब, १८४८ ला गेले आणि डलहौसीनं राज्यच खालसा केलं. आणि ज्या पिवळसर कागदी छापाला हे लोक अस्सल म्हणतात तो अंड्याच्या बलकाचा, म्हणजे अल्ब्युमिनचा छाप आला १८५० मध्ये! राज्य करणाऱ्या सातारच्या छत्रपतींचा तसला फोटो असूच शकत नाही. विक्रेता म्हणाला, "साहेब, तुम्ही फार शिकलाय, तुम्हाला नाही परवडणार."

अंडेवाला

बलक पिवळा असतो, अल्ब्युमिन म्हणजे पांढरा भाग. हलके घ्या.

अजिंक्यतारा

बरोबर, पांढरा. सनावळ्या तेवढ्या तशाच राहू द्या. :)

आणि जाता जाता, वाघनखांचं उदाहरण ताजंच आहे. जुलै २०२४ मध्ये ती लंडनहून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तेव्हा केवढी गर्दी होती. त्यांच्या पेटीवर ग्रँट डफला मिळाल्याचा मजकूर आहे. तो साताऱ्याचा रेसिडेंट होता, सगळं जुळतं. तरीही अफजलखानाच्या वेळी वापरलेली हीच का, याची खातरजमा करता आलेली नाही, असं खुद्द लंडनच्या संग्रहालयानं लिहून ठेवलंय. एवढी लेखी पेटी असून ही सावधगिरी. इथं तर नुसता कथलानं डकवलेला मुकुट आहे.

कागदाचा_कीडा

उशिरा आले, पण सगळा धागा वाचला. सगळे चांदीवर बोलताहेत म्हणून जरा चिडूनच लिहितेय. मी जुन्या कागदांच्या आणि फोटोंच्या दुरुस्तीचं काम करते. कृष्णाकाठचे, तुमच्या फ्रेमेत दुसरी मिळणार नाही अशी एकच गोष्ट आहे, तो फोटो. तीच जायच्या मार्गावर आहे.

तुम्ही टाकलेल्या फोटोत काळ्या भागांवर, फेट्याच्या सावलीत आणि कडांना, आरशासारखी निळसर झाक दिसते. तो बिघडलेल्या चांदीचा पापुद्रा. जिलेटिनच्या छापावर असा येतो. जिलेटिनचे फोटो १८८० नंतर पसरले, म्हणजे फ्रेमेच्या काळाशी विरोध नाही. जिलेटिन ओल धरतं, फुगतं, मऊ होतं आणि काच टेकलेली असेल तर तिला डिंकासारखं धरून बसतं. वाळलं की पक्कं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. त्या आठवड्यात गावभागातल्या माळ्यावरच्या हवेत किती दमटपणा असेल याचा विचार करा. फ्रेम पाण्यात गेली नाही म्हणून फोटो वाचला असं होत नाही.

तेव्हा: कोपरा ओढू नका. सुरी, पातं, दोरा काही घालू नका. वाफ नको, हेअर ड्रायर नको. यूट्यूबवर फोटो पाण्यात बुडवून सोडवतात, तो तर अजिबात नको, कारण तुमच्या फोटोवर मला दोन ठिकाणी हातानं भरलेला रंग दिसतोय (ओठ आणि तुरा) आणि तो पाण्यानं वाहून जाईल. काच आणि फोटो आता एकच वस्तू आहे असं समजा. आधी काचेतूनच चांगली प्रत काढून घ्या: फ्रेम आडवी ठेवा, कॅमेरा बरोबर वरून, दोन्ही बाजूंनी तिरके दिवे, घरातला बाकी उजेड बंद. चकाकी येणार नाही.

उघडायचं ते मागून, आणि शक्यतो शिकलेल्या माणसाकडून. फोटोच्या पाठीचा पुठ्ठा बघणं गरजेचं आहे. त्यावर स्टुडिओचं नाव, हातानं लिहिलेलं काही, असतं. शिवाय जुना गवती पुठ्ठा आम्लानं फोटो खात असतो, तो बदलावा लागतो. परत बसवताना फोटो आणि काच यांच्यात माउंटची (पुठ्ठ्याच्या चौकटीची) जाडी हवीच. फ्रेमवाले पैसे वाचवायला काच थेट फोटोवर दाबतात, आपल्याकडच्या निम्म्या घरांतल्या लग्नाच्या फोटोंचे कोपरे याच कारणानं गेलेत.

चांदीबद्दल: पितांबरी, टूथपेस्ट, रांगोळी, चिंच, सोडा आणि ॲल्युमिनियमची फॉइल, सगळ्याला माझा नकार. पाणी मिन्याच्या भेगेत आणि मखमलीत शिरतं आणि पांढरी पूड उठावात अडकून बसते. सुती मऊ कापडानं वरवर पुसा, बास. वेलबुट्टीच्या खाचांतला काळेपणा राहू द्या, त्याच्यामुळेच उठाव उठून दिसतो. घासून आरशासारखी केलेली जुनी चांदी फार केविलवाणी दिसते.

तंबोऱ्याची_खुंटी

वाचनखूण साठवली. मी मिरजेचा, आमच्या घरी सतारी-तंबोऱ्यांचं काम. त्या पांढऱ्या पट्टीबद्दल सांगतो. आमच्या वाद्यांवर पूर्वी हस्तिदंत, मग हाड, सांबरशिंग आणि पुढं सेल्युलॉइडची नक्षी आली, त्यामुळे चारही हातातून गेलेत. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेषा असतात. हाडात बारीक काळे ठिपके. तुमच्या फोटोत कोपऱ्याजवळ सरळ, समांतर, एकसारख्या अंतराच्या रेषा दिसतायत. इतकं शिस्तशीर हत्तीला जमत नाही. ते सेल्युलॉइड असणार. कापडानं जोरात चोळून वास घ्या, कापरासारखा आला तर नक्की.

आणि कुणी तापलेली सुई टोचून बघायला सांगितलं तर त्याला घराबाहेर काढा. सेल्युलॉइड भडकन पेटतं.

कलम_बहाद्दर

वरच्या प्रतिसादानं मोठी डोकेदुखी टळली. हस्तिदंत असतं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आडवा आला असता, विकायचा विषयच संपला असता.

दुसरा कायदाही १९७२ चाच, पुरावशेषांचा, १९७६ पासून लागू. शंभर वर्षांवरची अशी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला परवाना लागतो. ते गिऱ्हाईक व्यापारी असेल तर परवाना दाखव म्हणा, आणि परदेशात पाठवायचं म्हणत असेल तर नमस्कार करून दार लावा. घरात ठेवायला अडचण नाही. नोंदणी ठरावीक प्रकारच्या वस्तूंनाच लागते. तरी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला एकदा दाखवून घ्या.

हरिपूरची_माई

मी फारशी लिहीत नाही इथं, वाचते. पण आज राहवलं नाही. कृष्णाकाठचे बाळ, तू टाकलेला फोटो मुलीकडून मोठ्या पडद्यावर लावून घेतला.

हे राजे नाहीत. हा नट आहे.

कानापाशी बघ. फेट्याच्या खालून केस येतात आणि कानाच्या मागं त्यांची कड सरळ कापल्यासारखी थांबते, तिथं खालची कातडी दिसते. तो केसांचा टोप आहे. भुवया कोरलेल्या आणि काजळ डोळ्याच्या कोनाबाहेर ओढलेलं. मोत्यांच्या माळा तीन आहेत पण मोती सगळे एका आकाराचे, वजनानं खाली न पडता फुगून राहिलेत, आतून पोकळ. तलवारीच्या म्यानाला घडी पडलीय! लाकडाला चिकटवलेला कागद आहे तो. खरा संस्थानिक फोटोला बसायचा तेव्हा पायात मोजे-बूट असत, नाहीतर भरजरी जोडा. ह्याचे पाय अनवाणी आहेत. रंगमंचावर पायताण घालून जायचं नाही, अशी जुन्या लोकांची रीत. मागचा महालही कापडावर रंगवलेला आहे, खांबांच्या खाली सुरकुती आहे.

आमच्या घरात नाटकवाल्यांचा राबता होता. असे फोटो ट्रंकेत कितीतरी होते, हळदीच्या पोत्यांशेजारी. २००५ च्या पुरात गेले.

उंटावरचा_शहाणा

माई, साष्टांग!! खोट्या मुकुटाखाली नाटकातला राजा.

बाळू_मिरजकर

पण स्टुडिओत राजे लोकही रंगवलेल्या पडद्यापुढंच बसायचे ना? आणि सगळेच राजे काही श्रीमंत नव्हते. दहा गावांचे राजे होते आपल्याकडं.

हरिपूरची_माई

पडद्याचं तुझं बरोबर आहे, त्यावरून ठरत नाही. टोपाचं काय?

अजिंक्यतारा

माईंच्या बाजूनं एक गोष्ट. ही सांगली आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पहिल्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं इथंच सीतास्वयंवर उभं केलं, आजही ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन त्याच्या नावानं होतो. नाटककार देवल हरिपूरचे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला या पट्ट्यात खऱ्या राजांपेक्षा रंगवलेले राजे जास्त असतील. शक्यतेच्या हिशेबानंही नटच निघायचा.

कृष्णाकाठचा

उशीर झाला, पण काम करूनच लिहितोय.

कागदाचा कीडा ताईंनी व्यनितून (खासगी निरोपातून) सुचवलेल्या बाईंकडं पुण्याला फ्रेम घेऊन गेलो. त्यांनी माझ्यासमोर मागचे खिळे एकेक करून काढले, कोणता कुठला ते कागदावर मांडून ठेवलं. काच आणि फोटो एकत्रच बाहेर काढले. चिकटलेला भाग नखाएवढा आहे, तो त्या तसाच ठेवणार आहेत. बाकीचा फोटो काचेपासून मोकळा आहे. नवी माउंट, नवा पाठपुठ्ठा, वर वेगळी काच.

मागच्या पुठ्ठ्यावर मोडी लिपीत दोन ओळी आहेत. पुठ्ठा फ्रेमेत बसावा म्हणून कुणीतरी डावीकडून कापलाय, त्यात ओळींची सुरुवात गेली. मोडी वाचणाऱ्या एका गुरुजींनी उरलेलं वाचलं: पहिल्या ओळीत "...नाटक मंडळी", दुसरीत "...मुक्काम मिरज". स्टुडिओचं नावही त्याच कापात गेलंय, शेवटचं एक अक्षर तेवढं शिल्लक.

माई, तुमच्या पाया पडायला हरिपूरला येतोय.

पट्टी चोळून वास घेतला, कापूर. शिक्क्यांचा समोरून काढलेला फोटो टाकलाय, सातारकरांनी बघावा.

थेम्सकाठचा_सातारकर

पुठ्ठा कापलाय म्हणजे फोटो आणि फ्रेमही मूळचे एकमेकांचे नाहीत. बर्मिंगहॅमची फ्रेम एका घरची, फोटो दुसऱ्या घरचा, मुकुट तिसऱ्याचा, आणि गोष्ट सामानवाल्याची. अक्षराची चौकट बघून तक्ता लावतो आणि कळवतो.

तंबोऱ्याची_खुंटी

मुक्काम मिरज! पणजोबांच्या वेळी नाटक मंडळ्यांचे तंबोरे आमच्याकडं दुरुस्तीला यायचे. जुन्या वह्या आहेत, बहुतेक मोडीतच. तुमच्या गुरुजींना वेळ असेल तर बघूया कुठल्या मंडळ्यांची नावं सापडतात.

विट्याचा_गलाईवाला

मुकुट काढायचा का? चांगला कारागीर गाठून देतो हुपरीत.

कागदाचा_कीडा

नको! कथील वितळवायला उष्णता द्यावी लागेल, आणि मिना बोटभर अंतरावर आहे, तडकेल. शिवाय तो बनावही त्या फ्रेमेच्या इतिहासातलाच आहे. राहू दे.

विट्याचा_गलाईवाला

मिन्याचं खरं हाय. ऱ्हाऊ द्या.

कुंडलचा_पाव्हणा

नट असेल तर आमचा आक्षेप मागे. संग्रहालयाला देऊन टाका, चार लोक बघतील.

अजिंक्यतारा

देऊन टाकायच्या आधी दहादा विचार करा. गोदामात गेलेली वस्तू परत दिसायला भाग्य लागतं. काचेतून काढलेली मोठी प्रत आणि मोडीच्या ओळींची प्रत द्या, मूळ घरात ठेवा, आणि वर झालेलं सगळं एका कागदावर लिहून फ्रेमेच्या पाठीला पाकिटात घाला. तारखेसकट.

कृष्णाकाठचा

गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं, तर लगेच रक्कम वाढवून आली. तरी नाहीच.

प्रती काढतो. खुंटी, गुरुजी रविवारी सकाळी मोकळे आहेत, वह्या घेऊन सांगलीला येता की आम्ही मिरजेला येऊ?

तंबोऱ्याची_खुंटी

तुम्हीच या. वह्या जीर्ण आहेत, हलवायच्या नाहीत म्हणून आत्ताच घरातून तंबी मिळालीय. आणि येताना भिंग आणा.